मधल्या सिलिंडरचा प्लग

८ मार्च २०२५, शनिवार

शेवगावहून पैठणला येताना गोदावरीच्या पुलाकडच्या चढावर गाडी मिसिंग मारायला लागली. तिसऱ्या गिअरमध्ये ओढेना, दुसरा टाकावा लागला. घरासमोर उभी करून इंजिन चालू ठेवलं तर स्टिअरिंगपासून आरशापर्यंत सगळं थरथरत होतं. आमची ओम्नी २००९ ची. इंजिन ७९६ सीसीचं, त्यात तीनच सिलिंडर. एक गेला की एक तृतीयांश ताकद जातेच, शिवाय उरलेल्या दोघांचा तालही मोडतो.

पुढच्या सीटा उचलल्या आणि चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर जाड रबरी मुठीच्या पकडीने क्षणभर काढून पाहिली. पहिली काढली, इंजिन बंद पडायला आलं. तिसरी काढली, तेच. मधली काढली तेव्हा आवाजात काहीच फरक पडला नाही. म्हणजे मधला सिलिंडर आधीच बंद. ही तपासणी झटपट उरकायची असते. न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो तापून खराब होतो. वायरीत वीस-तीस हजार व्होल्ट असतात, म्हणून ज्याला पेसमेकर बसवलेला आहे त्याने तर जवळही जाऊ नये.

अंधार पडल्यावर अंगणातला दिवा घालवून पुन्हा पाहिलं. मधल्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरून निळसर ठिणगी बाहेरच्या बाहेर लोखंडाकडे उडत होती. हातातली बॅटरी लावली तेव्हा चिनी मातीला गेलेली बारीक तड दिसली. आत पेट्रोलवर पडायची ठिणगी बाहेर हवेत वाया जाते आहे.

नाथषष्ठीची यात्रा २० तारखेला. त्याच्या आधी आक्काला शेवगावहून आणायचं आहे. तिचे गुडघे वाकत नाहीत. सरकत्या दाराच्या या गाडीत तेवढं तिला चढता येतं.

९ मार्च, रविवार

सकाळीच आमचे मेकॅनिक चाचा यांचं गॅरेज गाठलं. रमजान चालू आहे. चाचांचा रोजा असतो, म्हणून जोराचं काम ते ऊन चढायच्या आत करतात. गाडी रात्रभर उभी होती, इंजिन गार होतं. गार इंजिनावरच प्लगला हात लावायचा हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम हवेचा. पाना लावण्याआधी त्यांनी तिन्ही प्लगांच्या बुडाशी हवा मारून घेतली. आमच्या भागातल्या रस्त्यांची माती तिथे थर करून बसलेली असते. प्लग निघाला की ती भोकातून थेट पिस्टनवर पडते आणि सिलिंडरच्या भिंती घासते.

पहिला प्लग कट् असा आवाज करून सुटला. तिसराही सुटला. चाचांनी दोन्ही उन्हात धरून त्यांची टोकं दाखवली. विटकरी-तपकिरी रंग, म्हणजे पेट्रोल आणि हवेचं प्रमाण बरोबर. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातं आहे किंवा एअर फिल्टर तुंबलेला आहे. तेलकट काळा असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं गेली आहेत. पांढराफटक आणि फोड आलेला असेल तर सिलिंडर फाजील तापतो आहे. इंजिनाच्या पोटात काय चाललं आहे ते काहीही न उघडता सांगणारा भाग हाच, आणि दर सर्व्हिसिंगला सगळ्यात कमी पाहिला जातो तोही हाच. तो स्वस्त आहे आणि नजरेआड आहे, एवढंच कारण.

मग मधला. २१ चा प्लग पाना बसवून चाचांनी टॉमीवर जोर दिला. पाना थोडा फिरला आणि ते लगेच थांबले.

“साहेब, हा सुटला नाही. पिळला.”

“कशावरून?”

“सुटताना लोखंड वाजतं. हा चुपचाप फिरायलाय. चुपचाप फिरला की समजायचं, आतलं काहीतरी मरायलंय.”

हाताखालचं पोरगं पाइपचा तुकडा घेऊन आलं. टॉमीला पाइप लावला की दांडा लांब होतो आणि जोर दुप्पट मिळतो. चाचांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. “पाइप लावला तर निघंल, बेटा. पण हेड घेऊन निघंल.”

फुटक्या चिनी मातीचे कण त्यांनी ओल्या फडक्याने टिपून घेतले, पुन्हा हवा मारली, प्लगच्या बुडाशी गंज सोडवणारं तेल सोडलं आणि गाडी तशीच ठेवायला सांगितली. ती चिनी माती ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडची असते. काठिण्यात ती हिऱ्याच्या खालच्या पायरीवर. तिचा एक कण सिलिंडरमध्ये पडला तरी तो ओरखडे काढतो.

१० मार्च, सोमवार

गाडी चाचांकडेच. दिवसभर त्या प्लगचाच विचार केला.

माझी नोकरी जायकवाडी धरणाच्या यांत्रिकी कामात गेली. धरणाला २७ दरवाजे. पावसाळ्याआधी त्यांच्या दोरखंडांना ग्रीस, रबरी सीलांची तपासणी आणि गंजलेले बोल्ट काढणं ही कामं ठरलेली. तिथला बोल्टही पोलादी आणि नटही पोलादी. अडला की आम्ही गॅसने नट लाल करायचो, तो फुगायचा आणि बोल्ट सुटायचा. इथे तो उपाय चालत नाही. प्लग ज्यात बसतो ते हेड ॲल्युमिनियमचं आहे. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि वितळण्याआधी पोलादासारखं लाल होऊन इशारा देत नाही. नोझल धरलेल्या माणसाला कळेपर्यंत हेडला भगदाड पडलेलं असतं.

दोन वेगळे धातू एकमेकांत पिळून बसवले की ओल मिळताच त्यांच्यात गंज धरतो, आणि त्यात हलका धातू, म्हणजे ॲल्युमिनियम, खाल्ला जातो. त्याची पांढरी पूड आट्यांमध्ये भरून घट्ट होते. आतल्या बाजूने ज्वलनाची काजळी आट्यांच्या टोकाशी साचते. त्यातच कोणी प्लग फाजील आवळला असेल किंवा तिरका बसवला असेल तर पोलादाचे आटे ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि दोन्ही धातू एकमेकांना चिकटतात.

तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. तापमान अंशाने वाढलं की मीटरभर पोलाद १२ मायक्रॉन वाढतं, ॲल्युमिनियम २३. प्लगचा व्यास १४ मिलिमीटर. इंजिन ४० अंशांनी कोमट केलं तर भोक आणि प्लग यांत सहा मायक्रॉनचा फरक पडतो. डोळ्याला तो दिसणार नाही, पण तेलाला आत झिरपायला तेवढा आधार मिळतो.

कंपन्यांची पुस्तकं गरम इंजिनावरचा प्लग काढू नका असं बजावतात, तेही बरोबर आहे. तापलेल्या ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात आणि प्लगबरोबर सोलून येतात. कोमट आणि गरम यांच्यातली सीमा कुठली हे उद्या चाचांना विचारायचं.

११ मार्च, मंगळवार

विचारलं. हेडवर तळहात ठेवून ते म्हणाले, “हात ठेवून कलमा म्हणता आला पाहिजे. मधीच उचलावा लागला तर जास्ती.”

बाकीचे दोन प्लग लावून इंजिन थोडा वेळ चालवलं, बंद केलं, निवू दिलं. हात ठेवता येऊ लागला तेव्हा पुन्हा तेल सोडलं आणि पाना लावला. आज मी अगदी जवळ बसून पाहिलं. सुटण्याच्या दिशेने अष्टमांश फेरा. मग परत आवळण्याच्या दिशेने तितकाच. पुन्हा तेल. पुन्हा सुटण्याच्या दिशेने, या वेळी किंचित जास्त. अडल्याची जाणीव झाली की मागे. दर वेळी चिरचिर आवाज यायचा आणि तो वाढला की चाचा थांबायचे. परत आवळलं की आट्यांत साचलेली पूड मोडते आणि तेलाला वाट मिळते. एकाच दिशेने ओढत राहिलं तर तीच पूड पुढच्या आट्यात ढकलली जाऊन पाचरीचं काम करते. बाहेरून पाहणाऱ्याला हा माणूस काढलेलं पुन्हा घालतो आहे असंच वाटेल.

साडेसहाच्या सुमारास रोजा सोडायची वेळ झाली. प्लग एक फेराही फिरला नव्हता. चाचांनी हात धुतले, प्लगाच्या बुडाशी तेल भरून ठेवलं आणि मला दोन खजूर देऊन घरी पाठवलं.

रात्री अमेरिकेतून पुतण्याचा फोन आला. तो मोटारींच्या धंद्यातच आहे. त्याला सगळं सांगितल्यावर त्याने फोर्डच्या ट्रायटन इंजिनाची गोष्ट सांगितली. २००४ ते २००८ या काळातल्या ५.४ लिटरच्या तीन-व्हॉल्व्ह इंजिनात प्लगचं आवरण दोन तुकडे जोडून केलेलं होतं. त्याचा खालचा लांब भाग काजळीने हेडमध्ये चिकटायचा. पाना फिरवला की वरचा भाग हातात आणि खालचा आतच. पिकअप आणि मोठ्या गाड्यांच्या असंख्य मालकांनी हा खर्च सोसला. शेवटी कंपनीने आपल्या मेकॅनिकांसाठी पत्रक काढलं. हातपान्यानेच काम करा, प्लग अष्टमांश ते पाव फेऱ्याहून जास्त सोडवू नका, कार्ब्युरेटर क्लीनर ओतून मुरू द्या, मग पुढे-मागे करत काढा. त्याच घराण्याच्या आधीच्या दोन-व्हॉल्व्ह इंजिनांत उलटं दुखणं होतं. हेडमध्ये आटेच कमी ठेवलेले, त्यामुळे चालत्या गाडीत प्लग उडून बाहेर यायचे.

मी त्याला म्हणालो, त्या पत्रकातलं सगळं मी आज संध्याकाळी पैठणमध्ये डोळ्यांनी पाहून आलो. चाचांनी ते पत्रक पाहिलेलं नाही. मनगटाला लागलेलं ज्ञान आणि कारखान्याच्या प्रयोगशाळेतलं ज्ञान इथे एका जागी येऊन मिळतं, याचा मला फार आनंद झाला.

१२ मार्च, बुधवार

निघाला. सकाळी दहाच्या आत.

शेवटचे फेरे तर चाचांनी बोटांनी काढले. प्लग कापडावर ठेवला तेव्हा दोघेही काही बोललो नाही. पोलादी आट्यांच्या मधल्या सगळ्या खाचा चकचकीत पांढऱ्या होत्या, हेडच्या ॲल्युमिनियमने भरलेल्या. टोक पेट्रोलने ओलं आणि काळं. षट्कोनाच्या कडा एका बाजूने गोलावलेल्या, म्हणजे मागच्या वेळी पाना तिरका धरून कोणीतरी अंगाचा भार टाकला होता. चिनी मातीची तडही त्याच बाजूला.

दोन वर्षांपूर्वी गाडी मुलाकडे असताना प्रवासात एका गॅरेजात प्लग बदलले होते, तेव्हाचं हे काम. गरम इंजिन, गिऱ्हाईक घाईत, प्लग पहिल्यापासून पान्यानेच घुसवलेला. पाना इतका जोर देतो की प्लग सरळ चालला आहे की तिरका नवे आटे कापत चालला आहे, हे हाताला कळतच नाही. ज्याने तो बसवला त्याची दोन मिनिटं वाचली असतील.

चाचांनी भोकात बॅटरी धरून दाखवलं. बाहेरचे चार-पाच आटे गेलेले, आतले शाबूत. नवा प्लग घालून पाहिला. तो बसतो, पण आवळताना शेवटी हात मोकळा पडतो. अशी गाडी दामटत नेली तर कधीतरी दाब वाढून प्लग उडेल, आणि ओम्नीत इंजिन बसणाऱ्याच्या खालीच आहे.

उपाय तीन. नवं किंवा जुन्या बाजारातलं हेड आणून बसवायचं. हेड उतरवून लेथवर भोक मोठं करून त्यात आटे पाडलेलं बुश मारायचं. किंवा हेड न उतरवता हेलिकॉईल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग, बसवायची. पहिल्या दोन्हींत हेड उतरतं, हेड गॅस्केट नवं लागतं, टायमिंग पुन्हा जुळवावं लागतं. तिसऱ्याचा खर्च हेडच्या मानाने अगदी थोडा. पण हेलिकॉईलचा संच चाचांकडे नाही. त्यांनी आसपासच्या गॅरेजांत फोन केले. कोणाकडेच नाही.

“मग असं झालं की तुम्ही लोक काय करता?”

“हेड बदलायला लावतो. नाहीतर एम-सील भरून देणारेबी हाईत.” एम-सील भरून दिलेला प्लग किती दिवस टिकतो हे मी विचारलं नाही. ते सांगताना चाचा माझ्याकडे बघत नव्हते.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. गल्लीत पोरं रंगलेली, गॅरेज बंद. चाचांचा जुम्माही आजच.

जुनी पुस्तकं काढून बसलो. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने १९०२ मध्ये उच्च विद्युतदाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग सिद्ध केला. तिथून मोटारींचा वेग आणि भरवसा दोन्ही वाढले. आपल्याकडे बंगळुरूला १९५१ मध्ये मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, निघाली. माझ्या तरुणपणी राजदूत आणि जावा चालवणारे लोक दुकानात जाऊन सरळ मायको मागत. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं, तरी आमच्या पिढीच्या तोंडातून मायको गेलेलं नाही.

या एवढ्याशा भागाला काय काय सोसावं लागतं याचा हिशेब केला. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर चार-स्ट्रोकमध्ये प्रत्येक प्लग सेकंदाला २५ ठिणग्या टाकतो. समोरच्या वायूचं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं. प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान राहायला हवं. त्याहून गार राहिलं तर काजळी जळून जात नाही. त्याहून तापलं तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. ही उष्णता बाहेर जायचा मोठा रस्ता म्हणजे प्लगचे आटे आणि बुडाचं वॉशर. आटे खराब असले तर प्लग पकडीतून सुटतोच, शिवाय गारही होत नाही. म्हणून एम-सीलचा इलाज मुळातच चुकीचा आहे.

१५ मार्च, शनिवार

एसटीने संभाजीनगरला गेलो. ढोरकीन, बिडकीन, चितेगाव. बिडकीनला नव्या औद्योगिक पट्ट्याचे रुंद रस्ते दिसतात. वाळूजला १९८५ पासून बजाजच्या दुचाक्या बनतात, शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे, चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूममध्ये पोरं मायक्रॉनमधली कामं शिकतात. इंजिनं आणि हत्यारं यांवर उभं राहिलेलं हे शहर, आणि त्याच्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर प्लगचे आटे दुरुस्त करायचा एक संच कोणाजवळ नसावा, हे मनाला फार लागलं.

हत्यारांच्या दुकानात हेलिकॉईलचा १४ × १.२५ चा संच मिळाला. आटे पाडायचा टॅप, स्प्रिंगा आणि त्या बसवायची दांडी. स्प्रिंगेची लांबी प्लगच्या आट्यांच्या लांबीइतकीच हवी, आमच्या प्लगला ती १९ मिलिमीटर. स्प्रिंग आखूड पडली तर आतले उघडे आटे काजळीने भरतात. लांब झाली तर तिचं टोक ज्वलनकक्षात डोकावतं आणि निखारा होऊन बसतं. दुकानदाराने आपणहून ही लांबी विचारली, तेव्हा योग्य ठिकाणी आल्याची खात्री पटली.

तीन नवे प्लगही घेतले. बाजारात नकली प्लग फार. अस्सल प्लगवरची अक्षरं स्वच्छ असतात, वॉशर सहज निघून येत नाही, मधला इलेक्ट्रोड बरोबर मध्यावर असतो. पक्कं बिल घ्यावं.

१६ मार्च, रविवार

आजचा दिवस सविस्तर लिहून ठेवतो, कोणाला तरी उपयोगी पडेल.

हेलिकॉईल म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारेची स्प्रिंग. तारेचा छेद शंकरपाळीच्या आकाराचा, त्यामुळे ती बाहेरून हेडच्या नव्या आट्यांत बसते आणि तिच्या आतल्या बाजूला मूळ मापाचे आटे तयार होतात. ही तात्पुरती ठिगळपट्टी आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. लायकोमिंगच्या विमान-इंजिनांत, जिथे प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लगसाठी अशा स्प्रिंगा कारखान्यातूनच बसवून येतात. आकाशात जे चालतं ते पैठण-शेवगाव रस्त्यावर चालायला काहीच हरकत नाही.

तिन्ही प्लग काढले. मधला पिस्टन खाली आणला, म्हणजे टॅप त्याला टेकणार नाही. टॅपच्या खोबणींत चाचांनी जाड ग्रीस भरलं. कापलेला चुरा ग्रीसमध्ये चिकटून राहावा यासाठी. टॅपचं टोक जुन्या शाबूत आट्यांत धरतं, त्यामुळे तो सरळ जातो. तरी चाचांनी दोन बाजूंनी गुण्या लावून पाहिला. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. थोडं गेलं की टॅप बाहेर, पुसायचा, नवं ग्रीस, पुन्हा आत. पोरगं शेजारी बॅटरी धरून. आज त्याच्या हातात पाइप नव्हता आणि तो डोळे ताणून बघत होता. मधेच चाचांनी टॅपचं हँडल त्याच्या हातात दिलं. “आता तू. जोर नको लावू, टॅपला बोलू दे.”

मग व्हॅक्यूम क्लीनरला बारीक नळी जोडून भोकातून चुरा ओढून घेतला. पेट्रोल पंपाचा फ्यूज आणि कॉइलची जोडणी काढून स्टार्टर मारला. पिस्टनने उरलासुरला चुरा फट् फट् करत बाहेर फेकला. भोकासमोर धरलेल्या पांढऱ्या फडक्यावर त्याचे चंदेरी कण दिसले. फडकं स्वच्छ येईपर्यंत तेच केलं.

स्प्रिंग दांडीवर चढवून फिरवत आत घेतली, वरच्या कडेच्या किंचित खाली ठेवली. तिच्या खालच्या टोकाला आडवी जीभ असते, बसवून झाल्यावर ती मोडून काढायची. ती सिलिंडरमध्ये पडली तर केलं ते सगळं पाण्यात. चाचांनी लांब तोंडाच्या पकडीने ती धरली, खाली-वर हलवली आणि तुकडा बाहेर आणून माझ्या तळहातावर ठेवला. मग माझा श्वास मोकळा झाला.

प्लग बसवायला चाचा पान्याला हात लावत नाहीत. पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर घालतात आणि तो चिमटीत धरून फिरवतात. प्लग सरळ चालला तर पाइप त्याला घेऊन जातो. तिरका लागला तर रबर घसरतं आणि आट्यांना इजा होत नाही. बुडाला टेकेपर्यंत असंच. वॉशर नवं असेल तर त्यानंतर पान्याने साधारण अर्धा फेरा, खोक्यावर छापलेलं असतं तेवढा. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावायचं का, असं पोरग्याने विचारलं. आजच्या प्लगांवर गंजरोधक मुलामा असतो, आणि एनजीकेसारख्या कंपन्या तर लावू नका असंच सांगतात. आटे निसरडे झाले की तेवढ्याच जोरात प्लग जास्त आवळला जातो.

माझ्याकडे टॉर्क रेंच आहे. चाचांनी मनगटाने आवळून झाल्यावर त्यांची परवानगी घेऊन तपासलं. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये १४ मिलिमीटरच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर. रेंच २५ वर लावला, न हलता टक् वाजला. ३० वर लावला तर प्लग हलू लागला, तिथेच हात थांबवला. तिन्ही प्लगांचं हेच. चाचांना आकडा सांगितला. ते नुसतं “अल्हम्दुलिल्लाह” म्हणाले आणि वायरी लावायला लागले.

इंजिन पहिल्या स्टार्टरला लागलं. तिन्ही सिलिंडर एका तालात.

१८ मार्च, मंगळवार

आक्काला घेऊन आलो. पुलाचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये आरामात. वाटेत दिंड्या लागल्या. पताका खांद्यावर, पायांत माती, मागून सामानाचा टेम्पो. दोन ठिकाणी गाड्या कडेला थांबलेल्या, बॉनेट उघडं.

घरी आल्यावर इंजिन निवू दिलं आणि मधल्या प्लगाच्या बुडाशी साबणाचं पाणी टाकून स्टार्टर मारला. बुडबुडा नाही. गळती नाही.

२० मार्च, गुरुवार

नाथषष्ठी. याच तिथीला १५९९ मध्ये एकनाथ महाराजांनी गोदावरीत देह ठेवला. पहाटे आक्काला समाधिमंदिरात नेलं, नंतर गावातल्या नाथवाड्यात. गर्दीत तिचा हात एका वारकरी बाईने धरला आणि दर्शन होईपर्यंत सोडला नाही.

येताना मैदानात लावलेल्या गाड्यांतून चालत आलो. नगर, बीड, जालना, परभणी, सगळीकडचे नंबर. ओम्नी, जीप, वॅगनआर, सीएनजी लावलेल्या कितीतरी. सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त विद्युतदाब लागतो, म्हणून प्लग लवकर झिजतात आणि इलेक्ट्रोडमधली फट कमी ठेवावी लागते. चालू होणाऱ्या गाड्यांच्या आवाजातून मिसिंग ओळखू येत होतं. चाचांच्या दारात सकाळपासून रांग. रोजा आणि हे ऊन, तरी माणूस हसून बोलत होता.

२३ मार्च, रविवार

काला झाला, दिंड्या परतल्या. गावात पुन्हा जागा झाली.

आज चाचांकडे बसून शेजारच्या गॅरेजवाल्यांशी बोललो. म्हणणं साधं आहे. आट्यांचा संच एकेकट्याला परवडत नाही, कारण तो वर्षातून मोजक्या वेळा लागतो. सगळ्यांनी मिळून १४ आणि १२ मिलिमीटरचे दोन संच घ्यावेत आणि एका ठिकाणी ठेवावेत. नव्या गाड्यांत प्लग बारीक होत चालले आहेत आणि खोल विहिरीसारख्या जागेत बसतात, तिथे हे काम आणखी नाजूक आहे. तालुक्याच्या आयटीआयमधली पोरं उमेदवारीला येतात, त्यांना पहिल्याच महिन्यात रबरी पाइपने प्लग लावायला शिकवावं. दोघांनी होकार दिला, एकाने बघू म्हटलं.

गाडीवाल्यांनाही एक विनंती. वर्षातून एकदा प्लग काढून बघायला सांगा, तेही सकाळी, गार इंजिनावर. मेकॅनिक वेळ मागत असेल तर त्याला वेळ द्या, आणि त्या वेळेचे पैसेही द्या.

मी आणलेला १४ चा संच तूर्त चाचांच्या गॅरेजात ठेवला आहे. पैठणमधल्या कोणाही मेकॅनिकला लागला तर त्याने घेऊन जावा, आणि टॅप पुसून, तेल लावून परत आणून द्यावा.